सोडा आणि पातेल्याचा तळ
फ्रेंच ओनियन सूप, म्हणजे परतलेल्या कांद्याचे चीज घातलेले सूप, करताना कांदा लवकर तांबूस व्हावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, अशी सूचना केली जाते; ती रंगापुरती बरोबर आहे. परंतु त्याच सोड्यामुळे कांद्याच्या पेशी एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन विरघळते आणि या सूपमध्ये जे मऊ पण अखंड काप चमच्यात यायला हवेत, त्यांचा लगदा होतो. त्यापेक्षा लोणी व मीठ घालून कांदा आधी झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात शिजू द्यावा आणि मग मंद आचेवर पाऊण ते एक तास परतावा. बिर्याणीवरचा कुरकुरीत कांदा येथे चालत नाही.

या सूचनेत राहून गेलेला मुद्दा पातेल्याच्या तळाचा आहे. तेथे धरणारा तपकिरी थर करपण्यापूर्वी दोन-तीन चमचे पाणी किंवा पांढरी वाइन घालून लाकडी उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळावा, आणि थर पुन्हा धरला की पुन्हा तसेच करावे. सूपचा गडद रंग आणि चवीचा भरीवपणा बराचसा यातूनच येत असल्यामुळे नॉनस्टिक भांडे मला या कामी गैरसोयीचे वाटते. पॅरिसचा ले आल हा खाद्यपदार्थांचा घाऊक बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजिसला हलेपर्यंत ले आलमधील खानावळींत रात्रपाळीच्या कामगारांना हेच सूप मिळे. सूपवर घालायचे ग्रुयेर हे स्विस चीज महाग वाटल्यास कमी घालावे, परंतु या खरवडण्यात काटकसर करू नये.