शेजारी कराटे क्लास येतोय, पार्किंगच्या हरकतीत नेमकं काय लिहायचं?

गल्लीकर:
आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक बंद पडलेलं गोदाम आहे, तिथे मार्शल आर्ट्सची शाळा येतेय, कराटे आणि ज्युडो दोन्ही. जागा मुळात गोदामासाठी मंजूर असल्यामुळे त्यांनी वापरबदलाची परवानगी मागितलीय, लवकरच सुनावणी आहे आणि शेजाऱ्यांनी काही हरकत असेल तर लेखी द्या असं पत्र आलंय. क्लासला माझा विरोध अजिबात नाही, पोरं मोबाइल सोडून घाम गाळणार असतील तर चांगलंच. पण रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना आधीच गाड्या लागलेल्या आणि आत जेमतेम दहाबारा गाड्या मावतील. अर्जात म्हटलंय की क्षेत्रफळाच्या नियमाप्रमाणे पार्किंग पुरेसं आहे. शेजारी म्हणतायत "ट्रॅफिक वाढेल, नको" एवढं लिहून सगळ्यांच्या सह्या घेऊन टाकू. अशाने काही होतं का?

सिग्नलवाला:
सह्यांनी फार काही होत नाही, कारण ट्रॅफिक वाढेल हे समितीलाही माहितीय, किती, कधी आणि कुठे तुंबेल ते कोणी सांगत नाही म्हणून हरकत बाजूला पडते. (माझं काम याच क्षेत्रातलं आहे.)

क्षेत्रफळाचा नियम अशा क्लासला नीट लागू पडत नाही. त्याच हॉलमध्ये मोठ्यांची आठ जणांची बॅच असू शकते नाहीतर लहान मुलांची तीसची, चौरस मीटर तेवढेच. खरी गर्दी होते बॅच बदलताना. समजा एका बॅचला २० गाड्या येतात आणि पुढची बॅच लगेच लागून आहे, तर सुटणाऱ्यांना न्यायला आलेल्या २० आणि नवीन मुलांना सोडायला आलेल्या २० अशा ४० गाड्या त्याच दहा मिनिटांत तुमच्या गल्लीत. मध्ये १५-२० मिनिटं मोकळी ठेवली की हाच आकडा जवळपास निम्म्यावर येतो, एकही जागा न वाढवता.

दुसरं, "पालक सोडून निघून जातात, पार्किंग लागतच नाही" असं अर्जदार हमखास सांगतात. पार्किंग कमी लागतं हे खरं, पण फेऱ्या दुप्पट होतात. थांबणारा पालक एकदा येतो एकदा जातो, सोडून जाणारा दोनदा येतो दोनदा जातो. आणि सोडताना गाडी मिनिटभरात निघते, न्यायला मात्र लोक आधीच येऊन बसतात, त्यामुळे रांग संध्याकाळी सुटायच्या वेळीच लागते. रांगेतल्या एका गाडीला मधल्या अंतरासकट साधारण ६ ते ७ मीटर लागतात, म्हणजे दहा गाड्यांना ६०-७० मीटर. गेटपासून चौकापर्यंत टेपने मोजा आणि हरकतीत तोच आकडा टाका.

काळापट्टा:
मी शिकवतो, त्यामुळे दुसरी बाजूपण ऐका. लहान मुलांची बॅच साधारण पाऊण तासाची असते आणि शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत जो वेळ मिळतो त्यातच आमचं भाडं निघतं. प्रत्येक बॅचमागे २० मिनिटं मोकळी सोडायची म्हणजे संध्याकाळची एक बॅच गेलीच समजा, म्हणून मास्तर लोक बॅचेस चिकटून लावतात, कोणाला त्रास द्यायचा म्हणून नाही. १० मिनिटं मला चालतील, वर नवीन मुलांना आधी आत घेऊन कडेला वॉर्मअपला लावता येतं, म्हणजे पालक दारात ताटकळत नाहीत.

मोठ्यांची बॅच वेगळी, ते एकेकटे गाडी घेऊन येतात आणि तास दीड तास जागा अडवतात. आणि खरी डोकेदुखी सांगू का, ती रोजची नाहीच! बेल्टची परीक्षा असते त्या दिवशी एका मुलामागे आईबाबा आजीआजोबा सगळं घर येतं. अर्जात त्या दिवसांबद्दल अक्षर नसतं. परीक्षा आणि स्पर्धा दुसरीकडे मोठा हॉल घेऊन करा अशी अट मागा, बरेच जण सहज कबूल होतात कारण पाहुण्यांना बसायला आमच्याकडेही जागा नसते.

तिरकस:
अटी कागदावर छान दिसतात हो. सहा महिन्यांनी बॅचमध्ये किती मुलं आहेत ते मोजायला कोण जाणार? मी तर म्हणतो पार्किंग दुप्पट मागा, जमलं तर जमलं नाहीतर जातील दुसरीकडे.

सिग्नलवाला:
@तिरकस दुप्पट पार्किंग मागून छोटे क्लास पळवून लावता येतात हे खरं, पण मग ते गोदाम रिकामंच राहील किंवा दिवसरात्र ट्रक येणारा कोणीतरी घेईल आणि तो मूळ वापरातच बसत असल्यामुळे सुनावणीसुद्धा होणार नाही. शिवाय किमान पार्किंगचे आकडे म्हणजे काही वेदवाक्य नाही, अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली असे किमान नियम शहरभर काढूनच टाकले.

कोण मोजणार हा प्रश्न मात्र बरोबर आहे. म्हणून अट बाहेरून दिसेल अशी हवी. "ट्रॅफिकचं योग्य नियोजन करावे" हे कोणीच तपासू शकत नाही. एका बॅचला जास्तीत जास्त इतकी मुलं, दोन बॅचमध्ये इतकी मिनिटं, वेळापत्रक दारावर लावलेलं, सुटायच्या वेळी गेटवर त्यांचा एक माणूस, हे गॅलरीतूनही दिसतं. आणि परवानगी आधी वर्षभरापुरती आणि नंतर फेरतपासणी, असं मागा.

चौकस_बाई:
शेजारी एखादं ऑफिस आहे का जे संध्याकाळी बंद होतं? त्यांची जागा संध्याकाळपुरती वापरता येते. फक्त तोंडी "हो हो लावा की" यावर जाऊ नका, लेखी करार आणि करार मोडला तर क्लासच्या परवानगीचा फेरविचार, हे दोन्ही मंजुरीतच लिहून घ्या. आमच्या इथे ऑफिसचा मालक बदलला आणि नव्या मालकाने दुसऱ्याच दिवशी साखळी लावली.

गल्लीकर:
सगळ्यांना धन्यवाद. मागच्या बाजूला एक ऑफिस आहे आणि ते संध्याकाळी रिकामं असतं, त्यांना विचारतो. चौकापर्यंतचं अंतर मघाशीच मोजलं, ४५ मीटर भरलं, म्हणजे सातवी गाडी आली की रांग चौकात. सह्यांचा कागद थांबवलाय, आधी क्लासवाल्यांकडून वेळापत्रक मागतो. @काळापट्टा मोठ्यांची बॅच मुलांच्या आधी लावणं तुम्हा लोकांना जमतं का, की ऑफिसमुळे त्यांना उशिराचीच लागते?

काळापट्टा:
उशिराचीच. पण मुलांची शेवटची बॅच आणि त्यांची यात अर्धा तास सोडायला सांगा, तिथे मास्तरांचं काही नुकसान नाही, तेवढ्यात जरा चहा होतो.