विभागीय ओरिएंटिअरिंग संघटना: छोट्या क्लबांना मदत नेमकी कशाची करायची?

नवा_सचिव

नमस्कार मंडळी. आमच्या विभागीय ओरिएंटिअरिंग संघटनेला (नकाशा आणि होकायंत्रावर ठरलेल्या जागा शोधत धावण्याचा खेळ) ९ क्लब जोडलेले आहेत. दोन मोठे, तीन-चार मधले, बाकीचे एवढेसे की सगळे सदस्य दोन गाड्यांत मावतील. लीगच्या वर्षाला १० स्पर्धा ठरतात, होतात ७, आणि त्यातल्या ५ त्या दोन मोठ्या क्लबांच्याच. छोटे क्लब तारीख घेतात आणि महिनाभर आधी मागे घेतात.

संघटनेकडे ४० एसआय स्टेशनं (धावपटू पोचल्याची वेळ नोंदणारी यंत्रं), ६० चिप (धावपटूने स्टेशनात घालायच्या), ५० फ्लॅग (शोधायच्या जागी टांगायचे), एक जुना लॅपटॉप आणि थोडी शिल्लक आहे. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, शिल्लक सगळ्यांत सारखी वाटून टाका. दुसरा म्हणतो, स्पर्धा संघटनेनेच भरवाव्यात, क्लबांनी नुसती माणसं पाठवावीत. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते मांडता येत नाही. किट कुणी सांभाळायचं, तपासणी कशी लावायची, पैसा कशावर घालायचा, तपशिलात सांगा.

कंटूर_पाच_मीटर

पैसे वाटलेत तर नऊ ठिकाणी नऊ अर्धवट किट तयार होतील. स्पर्धा स्वतःकडे घेतल्यात तर थोड्याच वर्षांत क्लबांत प्लॅनर, म्हणजे कोर्स (स्पर्धेचा मार्ग) आखणारे, उरणार नाहीत. कोर्स आखणं माणूस आखूनच शिकतो. छोटा क्लब तारीख मागे घेतो तेव्हा अडचण बहुधा पैशाची नसते. नकाशा जुना असतो, संगणकावर बसायला कुणी नसतं, आणि आखलेला कोर्स बरोबर आहे असं छातीठोक सांगणारं दुसरं माणूस नसतं. यातलं शेवटचं फक्त संघटनाच पुरवू शकते, म्हणून सुरुवात तिथून करा. प्रत्येक स्पर्धेला दुसऱ्या क्लबचा कंट्रोलर नेमा. (कंट्रोल म्हणजे शोधायची जागा, कंट्रोलर म्हणजे कोर्स तपासणारा माणूस. यांत नवख्यांचा फार घोळ होतो, म्हणून पुढे तपासनीसच म्हणतो.)

वेळापत्रक असं ठेवा. ८ आठवडे आधी जागेची लेखी परवानगी आणि नकाशाची फाइल तपासनीसाच्या हातात. ६ आठवडे आधी कोर्सचा पहिला मसुदा. पर्पल पेन हे कोर्स आखायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्यासाठी पुरतं. ४ आठवडे आधी प्लॅनर प्रत्येक जागी फीत बांधतो, तिच्यावर त्या कंट्रोलचा कोड, म्हणजे आकडा लिहितो. मग तपासनीस नकाशा घेऊन एकटा जातो. हा ‘एकटा’ शब्द नियमातच घाला. प्लॅनर सोबत असला की तो वाट दाखवत नेतो, आणि चुकीच्या घळीत बांधलेली फीतही दोघांना बरोबर वाटते. शेजारशेजारच्या सारख्या दिसणाऱ्या दोन घळी, दोन टेपाडं, दोन वाटांचे फाटे: चुकीचे कंट्रोल बहुतेक इथेच लागतात. तपासनिसाने फीत शोधत फिरायचं नाही. आधी हल्ल्याची जागा (कंट्रोलजवळची सहज सापडणारी ठळक खूण) पकडायची, तिथून दिशा आणि पावलं मोजत पोचायचं, आणि तिथे फीत आहे का ते बघायचं.

कागदावर आणखी तीन गोष्टी बघा. जंगलातल्या नकाशावर दोन कंट्रोलमध्ये किमान ३० मीटर, आणि खुणा सारख्या असतील तर ६० मीटर. कोड ३१ पासून पुढे, आणि ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९ हे आकडे काढूनच टाका. स्टेशनवर आणि वर्णनपत्रावर (कुठलं कंट्रोल कुठल्या खुणेपाशी ते सांगणारी यादी) ते इंग्रजी अंकांत छापलेले असतात आणि उलटे धरले की दुसराच आकडा दिसतो. तिसरं म्हणजे वर्णनपत्र. ‘दगड, पूर्वेची बाजू’ लिहिलंय आणि फ्लॅग पश्चिमेला टांगलाय, ही चूक नकाशा बघून सापडत नाही.

छोट्या क्लबाकडून पाच-सहा कोर्स मागू नका. २, ४ आणि ६ किलोमीटरचे तीन पुरे. कंट्रोल एकमेकांत वापरले की १८ जागांत काम भागतं आणि दोन माणसं सकाळच्या दोन-अडीच तासांत ते लावतात. तेही जड वाटत असेल तर ४५ मिनिटांची स्कोअर स्पर्धा (ठरल्या वेळात जमतील तेवढे कंट्रोल गाठून गुण मिळवायचे) घ्या. २० कंट्रोल, सगळ्यांना एकच नकाशा, उशिराच्या प्रत्येक मिनिटाला १० गुण वजा. ठरल्या वेळी सगळे परत येतात, आवराआवर लवकर होते. माझ्या मते नव्या क्लबाची पहिली स्पर्धा हीच असावी.

खोक्याचा_राखणदार

किटबद्दल लिहितो. ज्याची स्पर्धा शेवटची त्याच्याकडे किट, ही पद्धत आधी मोडा. एकच किटपाल नेमा. त्याने स्पर्धा भरवायची नाही, फक्त किट द्यायचं, घ्यायचं, तपासायचं. देण्याची तारीख स्पर्धेआधी ५ दिवस, परत नंतर ३ दिवसांत.

बाहेर जाणाऱ्या खोक्यात लागणाऱ्या कंट्रोलपेक्षा ४ स्टेशनं जास्त, शिवाय क्लिअर २, चेक २, स्टार्ट २, फिनिश २, चिप वाचायचं स्टेशन १ आणि त्याची केबल २. केबल दोन लिहिली आहे ती उगाच नाही. सगळ्यात आधी तीच मरते. झाकणाच्या आत यादी चिकटवा आणि देताना-घेताना दोघांच्या सह्या घ्या. परतीच्या यादीवर ‘काय बिघडलं’ असा एक रकाना ठेवा, नाहीतर बंद पडलेलं स्टेशन गुपचूप खोक्यात परत येतं आणि पुढच्या क्लबाला जंगलात कळतं.

स्टेशनांची घड्याळं हळूहळू सरकतात. प्रत्येक वेळी बाहेर जाण्याआधी सगळ्यांची वेळ एकाच मास्टर स्टेशनवरून जुळवा. स्टार्ट आणि फिनिश यांच्यात ८ सेकंदांचा फरक असेल तर सगळ्यांच्या एकूण वेळेत तेवढाच फरक पडतो, क्रम बदलत नाही म्हणून कुणाला संशय येत नाही. पण दोन फिनिश स्टेशनांत फरक असेल तर निकालच बदलतो. बॅटरीचा व्होल्टेज त्याच वेळी वाचून वहीत लिहा; घसरत चाललेलं स्टेशन स्पर्धेच्या दोन महिने आधीच ओळखू येतं.

क्लिअर आणि चेक यांचं काम एकच समजू नका. क्लिअर चिपमधली जुनी पंचिंग (स्टेशनांच्या नोंदी) पुसतं, चेक फक्त पुसलं गेलंय का ते बघतं आणि पुसलेलं असेल तरच वाजतं. घाईत चिप अर्धवट घालून काढली की जुनी नोंद राहते. म्हणून चेकपाशी माणूस उभा हवा, नुसतं स्टेशन ठेवून भागत नाही. चिपांची क्षमताही वेगळी असते: आठ नंबरच्या चिपमध्ये ३०, नऊमध्ये ५०, दहा आणि अकरामध्ये १२८ नोंदी. ३० च्या वर कंट्रोल असलेल्या कोर्सला आठची चिप भाड्याने दिलीत तर तो माणूस बिचारा सगळे कंट्रोल गाठूनही बाद दिसेल.

फ्लॅग ओले गुंडाळून ठेवू नका, नारिंगी रंग पांढऱ्यावर उतरतो. आणि प्रत्येक खांबावर जुना टोचणीचा पंच हवाच. स्टेशन मेलं तर नकाशाच्या कडेच्या चौकटीत टोचून धावपटूला पुढे जाता येतं.

मोजपट्टी

शिल्लक पैशांचं उत्तर: नकाशे. वाटप नाही, नकाशाच्या कामाला अनुदान, आणि तेही अटींवर. क्लबाने जागेची परवानगी आणायची, नकाशाची मूळ फाइल संघटनेच्या संग्रहात द्यायची, आणि १८ महिन्यांत त्यावर एक तरी स्पर्धा घ्यायची. फाइल एका मॅपरच्या लॅपटॉपमध्ये अडकून पडणं हा संघटनांचा जुनाच रोग आहे.

जंगलाचा १ चौरस किलोमीटर नीट चालून काढायला २० ते ३० तास धरा, दाट झाडी असेल तर जास्तच. लायडारचा (विमानातून लेझरने केलेल्या मोजणीचा) डेटा मिळत असेल तर कार्टापुल्लाउतिन या सॉफ्टवेअरमधून कंटूर (समान उंचीच्या रेषा) आणि झाडीचा कच्चा नकाशा फुकट निघतो, तो ओपनओरिएंटिअरिंग मॅपर या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवून काम करा. तरीही दगड, वाटा, कुंपणं चालूनच कळतात. जंगलासाठी नकाशाचा मापदंड आयसॉम २०१७, मूळ प्रमाण १:१५,०००. स्प्रिंटसाठी (वस्ती-बागांतल्या छोट्या, वेगवान स्पर्धेसाठी) आयएसस्प्रॉम २०१९, १:४,०००. १:१०,००० वर छापताना खुणासुद्धा दीडपट मोठ्या व्हायला हव्यात, नुसता कागद मोठा करून त्यावर छोट्या खुणा ठेवायच्या नाहीत. म्हणजे १:१५,००० वर ५ मिलिमीटरचं असलेलं कंट्रोलचं वर्तुळ १:१०,००० वर ७.५ चं होतं.

जुन्या नकाशांवर चुंबकीय उत्तर तपासा. ती सरकत राहते. २ अंशांचा फरक पडला तर ५०० मीटरच्या सरळ चालीत माणूस सुमारे १७ मीटर बाजूला जातो, आणि दोष होकायंत्राला देतो.

आता छपाई. छोट्या क्लबांचा सगळ्यात हमखास घोळ इथे होतो. प्रिंटरच्या खिडकीत ‘कागदात बसवा’ ही खूण आपोआप चालू असते आणि नकाशा ९६ टक्क्यांवर छापला जातो. डोळ्यांना काही दिसत नाही. कोर्सवर मात्र ५०० मीटरचा टप्पा कागदावर ४८० चा भासतो आणि पावलं मोजणारा २० मीटर अलीकडेच थांबून शोधायला लागतो. पहिली प्रत निघाली की पट्टी लावा. नव्या मापदंडात उत्तर-रेषा जमिनीवर ३०० मीटरवर असतात, म्हणजे १:१०,००० वर ५ घरं मिळून बरोबर १५० मिलिमीटर. १४४ भरले तर सगळी छपाई थांबवा. एकच घर मोजू नका. ३० आणि २८.८ यांतला फरक साध्या पट्टीवर निसटतो. कोर्सचा जांभळा रंग खालच्या काळ्या खुणा झाकत नाही ना, तेही त्याच प्रतीवर बघा. झाकत असेल तर वर्तुळ तेवढ्या जागी तोडा. पावसाचे दिवस असतील तर इंकजेटची छपाई पिशवीशिवाय देऊ नका.

नवा_सचिव

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका उरल्या. छोट्या क्लबांची माणसं म्हणतात, स्पर्धा भरवली की आमची लीगमधली एक धाव जाते, गुण बुडतात. आणि सगळ्यांना सक्तीचं काय ठेवायचं, ऐच्छिक काय?

दुहेरी_वर्तुळ

गुणांची तक्रार रास्त आहे. विजेत्याला १०००, बाकीच्यांना १००० गुणिले विजेत्याची वेळ भागिले स्वतःची वेळ, अशी पद्धत असेल (विजेता ४० मिनिटं, तुम्ही ५०, तर ८०० गुण) तर प्लॅनर, मुख्य आयोजक आणि तपासनीस या तिघांना त्या स्पर्धेसाठी त्यांच्या मोसमातल्या मोजल्या जाणाऱ्या गुणांची सरासरी द्या. एका मोसमात एका माणसाला जास्तीत जास्त दोनदा, नाहीतर लोक धावायचं सोडून तपासणीच करत बसतील. आणि ‘सर्वोत्तम ६’ असा आकडा आधी गोठवू नका. ‘झालेल्या स्पर्धांच्या निम्म्या, अपूर्णांक सोडून, अधिक एक’ असं लिहा. १० झाल्या तर ६, ७ झाल्या तर ४.

वर्गणीही क्लबागणिक सारखी नको. थोडी सदस्यत्वाची आणि बाकीची स्पर्धेतल्या हजेरीवर, मुलांची हजेरी त्यातून वगळून. मोठ्यांवर भार आपोआप जास्त पडतो आणि छोट्याची पहिली स्पर्धा तोट्यात जात नाही.

तारखा १२ महिने आधी संघटनेने आखाव्यात, क्लबांनी त्यातून निवडाव्यात, आणि प्रत्येक छोट्या क्लबाला एक मोठा जोडून द्यावा. छोट्याने नकाशा, कोर्स आणि परवानगी बघायची, मोठ्याने चिप वाचणं आणि निकाल. संगणकाची भीती अशीच जाते. दुसऱ्या वर्षी छोट्याचा एक माणूस लॅपटॉपशेजारी बसवा, तिसऱ्या वर्षी त्यालाच बसू द्या. मीऑस हे निकालाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्यावर शिकवा.

सक्ती मी फक्त सुरक्षेची ठेवेन आणि तिथे तडजोड करणार नाही. कोर्स बंद होण्याची वेळ नकाशावर छापलेली. प्रत्येकाकडे शिट्टी, मदतीचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा वेळा. अर्ध्यात सोडलं तरी चिप वाचूनच घरी जायचं. बंदच्या वेळी सॉफ्टवेअरमधून ‘अजून बाहेर’ यादी काढायची आणि चेक स्टेशनची मेमरी वाचून तिच्याशी ताडायची. नाव दिलं पण सुटलाच नाही असा एखादा असतोच, आणि नेमका त्यालाच शोधत माणसं तासभर फिरतात. चेकमध्ये चिपचा नंबर नाही म्हणजे तो सुटलेलाच नाही. गाडीचा नंबर आणि घरच्यांचा फोन नोंदणीच्या कागदावरच घ्या. शोधाला कोण जाणार, कुठल्या दोन वाटांनी, आणि मदत कधी बोलवायची हे तपासनिसाने स्पर्धेआधी लेखी मागायचं. नसेल तर स्टार्ट नाही.

खोक्याचा_राखणदार

वर एक राहिलं. स्पर्शाविना पंच होणाऱ्या एअर चिप वापरणार असाल तर स्टेशन झोपलेलं असताना चिप जवळून नेली तरी ते जागं होत नाही. कुठली तरी चिप एकदा भोकात घालावी लागते. म्हणून कंट्रोल लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक चिप द्या आणि स्टेशन खांबावर बसवलं की पंच करूनच पुढे जायला सांगा. चालू राहण्याचा अवधी आधीच शेवटचा धावपटू येईपर्यंत पुरेल इतका लावा. एअर चिप स्वतः चेकवर चालू होते, त्यामुळे चेक चुकवून सुटलेल्याला जंगलात कुठेच आवाज येणार नाही. त्याने प्रत्येक ठिकाणी भोकात घालून पंच करायचं, नोंद होते.