कॉटन आणि कापूस

'कॉटन' हे आपल्या कापसाचंच रूप, असं एका ताईंनी लिहिलंय. तसं नाही ताई. कॉटन आला अरबी 'कुत्न'वरून, जुन्या फ्रेंचमार्गे. स्पॅनिश 'अल्गोदोन'ला तर अरबी 'अल' (इंग्रजी 'द'सारखा) सुद्धा चिकटून राहिलाय! कापूस मात्र संस्कृत 'कार्पास'चा. आणि तोही पश्चिमेकडं गेला: ग्रीक 'कार्पासोस', लॅटिन 'कार्बासुस'. लॅटिन कवी हा शब्द जहाजाच्या शिडालाही वापरत.

यात मराठवाड्याचं नाव यायलाच हवं. इसवी सनाच्या 1 ल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, गुजरातमधल्या भडोच बंदराला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. साधं कापड भरपूर, शिवाय तलम मलमलसुद्धा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखातल्या प्रत्येक शाळेत हे शिकवलं पाहिजे.