चुटपुट, रुखरुख की हळहळ?

काल रसायनशास्त्राच्या पेपरात एका गुणाचा प्रश्न होता : टंगस्टनची संज्ञा डब्ल्यू कशावरून आली? उत्तर वुल्फ्राम, त्या मूलद्रव्याचं दुसरं नाव. मला येत होतं. म्हणजे परवापर्यंत येत होतं. शेवटची दहा मिनिटं एका रिकाम्या ओळीकडे बघत बसलो. घंटा झाली, उत्तरपत्रिका दिली, बाहेर ठेवलेलं दप्तर उचलायला वाकलो आणि आलं. वुल्फ्राम. काही घाई नसल्यासारखं, सावकाश.

एक गुण गेला त्याचं विशेष नाही. पण त्यानंतर मनात जे काही चालू राहतं, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? मी मित्राला म्हटलं, "हळहळ वाटतेय." तो म्हणाला, "हळहळ कुणी गेल्यावर वाटते, एका गुणासाठी नाही." बरोबर आहे का त्याचं?

—

पूर्ण बरोबर नाही, पण कान चांगला आहे त्याचा. हळहळ मोठ्या नुकसानीची असते आणि बहुतेकदा दुसऱ्याच्या. चांगला शिकणारा मुलगा परीक्षेलाच बसू शकला नाही, तर सगळे हळहळतात. स्वतःच्या एका गुणासाठी तो शब्द ढगळ होतो.

तुम्हाला हवी आहे ती चुटपुट. हातातोंडाशी आलेलं थोडक्यात निसटलं की जी लागते ती. चुटपुट लहान असते, टोचते, दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर आला की बुजते. न बुजता राहिली तर तिची रुखरुख होते. वर्गात एका मुलाला सगळे हसले, मीही हसलो, नंतर त्याची माफी मागायची राहून गेली : ही रुखरुख, वर्षानुवर्षं पुरते. उत्तर चुकल्याची रुखरुख बाळगणारे लोकही मला माहीत आहेत, पण त्यांना इथे बोलावत नाही.

हुरहूर मात्र यात धरू नका. तिला चूक लागत नाही. शेवटचा पेपर देऊन रिकाम्या वर्गाकडे एकदा मागे वळून बघताना वाटते ती हुरहूर. तिथे काही बिघडलेलं नसतं, संपत आलेलं असतं.

—

"वरातीमागून घोडे" चालणार नाही का? किंवा "बैल गेला अन् झोपा केला"?

—

नाही चालणार. दोन्ही म्हणींत माणसाने उशिरा खटपट केली म्हणून त्याला टोमणा आहे. इथे दप्तर उचलण्यापलीकडे कुणी काही केलेलं नाही. (आणि त्या म्हणीतला झोपा म्हणजे झोप नव्हे, गोठ्याचं दार किंवा झाप. शाळेत असताना मला वाटायचं, बैल गेल्यावर मालक निवांत झोपला. तोही अर्थ तसा वाईट नव्हता.)

—

मी परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभी असते. तीन तास बघत राहण्याशिवाय काम नसतं, म्हणून एक भर घालते. पेपर हातात पडायच्या आधी ओठ हलत असतात, ती पुटपुट. मध्ये कधीतरी एखादा पेन थांबवून छताकडे बघतो, तेव्हा उत्तर "ओठांवर आलेलं" असतं. आणि घंटेनंतर दारातच कुणीतरी कपाळावर हात मारतं, ती चुटपुट. पुटपुट ते चुटपुट, एका अक्षराचा प्रवास.

ओठांवर येऊन अडण्यावर रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला होता. शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यात किती अवयव (एका दमात उच्चारले जाणारे तुकडे) आहेत हे बरेचदा सांगता येत होतं. मुलंही हेच सांगतात : "बाई, पुस्तकात डाव्या पानावर खाली आहे, चौकटीत आहे." सगळं आठवतं, उत्तर सोडून.

—

माझ्या बाबतीत तर पहिलं अक्षर प्रश्नातच छापलेलं होतं!

—

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? चुटपुट, रुखरुख, हळहळ, हुरहूर, धडधड, धाकधूक, पुटपुट. सगळे शब्द स्वतःलाच पुन्हा म्हणणारे, काही जसेच्या तसे, काही थोडा बदल करून. मराठी व्याकरणात अशा शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणतात. अभ्यस्त आणि अभ्यास एकाच धातूचे. अभि + अस्, अस् म्हणजे फेकणे (अस्त्र त्यातूनच आलं). पुन्हा पुन्हा टाकणे, म्हणून पुन्हा पुन्हा करणे, म्हणून अभ्यास.

पाणिनीकडे हा शब्द फार काटेकोर आहे. 'दा' धातूचं 'ददाति' होताना द दोनदा येतो. त्या जोडीतला पहिला भाग म्हणजे अभ्यास (त्याच्या अष्टाध्यायीतलं सूत्र 6.1.4), आणि दोन्ही मिळून अभ्यस्त (6.1.5). म्हणजे नुसतं एकदा म्हणून भागत नाही, दुसऱ्यांदा म्हटलं की पहिल्याला अभ्यास हे नाव मिळतं. 'वुल्फ्राम' तुम्ही पेपरच्या आधी एकदाच वाचलं होतं का?

—

एकदाच. पण दोनदा वाचल्यासारखं वाटत होतं.

चुटपुट घेतो. फक्त एक शंका : मी "चुटपुटलो" म्हणू शकतो का? हळहळलो, पुटपुटलो चालतं.

—

शब्दकोशात मिळेल कदाचित, बोलण्यात मी ऐकलं नाही. चुटपुट आपण करत नाही, ती लागते. भूक, तहान, उचकी लागते तशी. ज्याला लागली तो 'मला'मध्ये जातो, 'मी'मध्ये राहत नाही.

आता तुमचीच पहिली वाक्यं बघा. "मला येत होतं." मग "आलं." आठवलं तरी "मला आठवलं"च म्हणाल. उत्तर येतं, आठवतं, जातं, आपण नुसते तिथे असतो. पण विसरण्यापाशी आलं की मराठी माणूस झटकन म्हणतो, "मी विसरलो." तेवढं मात्र कर्त्याच्या नावावर. आठवण्याचं श्रेय नाही आणि विसरण्याची जबाबदारी पूर्ण, असा हा हिशेब आहे.

—

"मला विसर पडला" असंही म्हणतात ना?

—

म्हणतात. जरा पुस्तकी आहे, पण शुद्ध आहे.

—

मग निकालाच्या दिवशी घरी तेच म्हणतो.