मदत हवी आहे: १९४३ चा सीहॉक्स संघ

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकी फुटबॉल संघांवर (हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल) मराठीत लेख लिहितेय. आयोवा प्री-फ्लाइट शाळेच्या सीहॉक्स संघापाशी अडकलेय. नौदलाच्या होतकरू वैमानिकांची ही शाळा आयोवा विद्यापीठाच्या आवारात होती. १९४३ मध्ये प्रशिक्षक होते मिझुरी विद्यापीठाचे डॉन फॉरो, त्यांचे सहायक बड विल्किन्सन आणि जिम टेटम. दहापैकी ९ सामने जिंकले, एकच हरले, तोही नोटर डेम विद्यापीठाच्या संघाकडून १४-१३ असा. एका गुणाने! पुढच्याच आठवड्यात ग्रेट लेक्स नौदल तळाच्या संघाने नोटर डेमला १९-१४ हरवलं, तरी एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या अंतिम क्रमवारीत नोटर डेम पहिला आणि सीहॉक्स दुसरा. मला हे अजूनही पटत नाही.

आयोवा सिटीत किंवा जवळपास कुणी राहतं का? विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या हंगामाची सामन्यांची माहितीपत्रकं किंवा शाळेची वार्तापत्रं असतील, तर फोटो काढून पाठवाल का? हंगामाच्या मध्येच बदली होऊन गेलेल्या खेळाडूंची नावं मला सगळ्यात जास्त हवी आहेत. निकाल कुठेही मिळतात, ही मुलं मात्र लेखातून सुटायला नकोत.