आप्पांचा मीडियम वेव्ह रेडिओ काढून ॲप द्यावं का?

फलटणचा_पोरगा:
गाव फलटणजवळ, आप्पा ७६ वर्षांचे. सकाळी ७.०५ च्या प्रादेशिक बातम्या, आकाशवाणी पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झवर, हे ऐकल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. पण वर्षभर नुसती खरखर आणि मध्येच टक टक टक. मी पुण्यातून जुना स्मार्टफोन आणून त्यात आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून दिलं, देशभरातली केंद्रं त्यात आहेत, आवाज काचेसारखा. दोन दिवस ऐकलं आणि फोन कपाटात. म्हणतात वेळ चुकीची सांगतो. सगळं डिजिटल होतंय तर सवय लावावीच ना? की रेडिओवर अजून काही उपाय आहे?

खरखरतज्ज्ञ:
आप्पा बरोबर बोलतायत. ॲपवरचं प्रसारण काही सेकंद मागे असतं, कधी अर्धा मिनिटही, त्यामुळे वेळेचे टोले ऐकून घड्याळ लावणाऱ्याला ते खोटंच वाटणार. आता रेडिओ. पुणे केंद्राचा ट्रान्समीटर दमदार आहे, फलटणला तो यायलाच पाहिजे, म्हणजे गडबड बहुतेक घरातच आहे. लाईट गेली की बॅटरीवर लावून बघा. स्वच्छ आला तर दोषी एलईडी बल्ब, चार्जर नाहीतर इन्व्हर्टर. रेडिओ आडवा फिरवून पण बघा, आत फेराइटचा दांडा असतो, त्याला दिशा कळते. सेकंदाला एक टक येत असेल तर जवळपास झटका मशीन, म्हणजे जनावरं अडवायला तारेत विजेचे झटके सोडणारं, आहे का??

मस्कतवाली:
ॲपला नावं ठेवू नका हो. मी मस्कतमध्ये स्वयंपाक करताना सांगली केंद्र ऐकते, माहेर मिरजेचं. आधी सुट्टीत घरी गेल्यावरच कानावर पडायचं ते आता रोज, आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांसाठी आकाशवाणीने केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे असं मला तरी वाटतं. डेटा पण फार नाही, ६४ केबीपीएस धरलं तर तासाला ३० एमबीच्या आसपास.

सहा_ड्युट्या:
मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, त्यावरून हे नाव :) मस्कतवाली ताई, तुमचं खरंय, पण श्रोता वाढला तो लांबचा. जवळचा, शेतात रेडिओ फांदीला अडकवून खुरपणारा, तो हातचा चाललाय. पूर्वी फर्माईशची पोस्टकार्डं पिशवी भरून यायची, आता व्हॉट्सअॅप येतं, ते ठीकच. पण लोक विचारतात कालचा कार्यक्रम यूट्यूबवर का नाही, तर अहो थेट प्रसारणात लावलेलं गाणं तिथे चढवलं की हक्काचा दावा येतो. भाषणं, मुलाखती चढवता येतात, आणि खरा खजिना तोच आहे.

खरखरतज्ज्ञ:
आणि पैसा कुठे जातोय तेही बघा. जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीसाठी, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेसाठी, २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर झाली, त्यात एफएम ६८ टक्के लोकसंख्येवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यायचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात त्यांचं वेव्हज ओटीटी ॲप आलं. चांगलंय, पण एफएम डोंगर आडवा आला की संपतं, मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते. डीआरएम म्हणून डिजिटल मीडियम वेव्ह आहे, खरखर शून्य, पण त्याला रेडिओ वेगळा लागतो आणि तो गावातल्या दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत बसेल.

फलटणचा_पोरगा:
झटका मशीनच निघालं!!! रानडुकरांसाठी शेजारच्या उसाला लावलंय, रात्री चालू करतात आणि सकाळी बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. काल बंद केल्यावर टक टक गायब, स्वयंपाकघरातला एलईडी घालवला तर खरखरही निम्मी. आता साडेसहाला मशीन बंद करायला आप्पा स्वतः बांधावर जातात, शेजाऱ्याला विचारलंय, तो म्हणे बरंच झालं माझी फेरी वाचली. फोन आईने घेतला, ती दुपारी त्यावर नागपूर केंद्र लावते. नागपूरशी आमचा काडीचा संबंध नाही, पण तिला तिथल्या निवेदिकेचं बोलणं आवडतं म्हणे.