पडद्यावरचा झेंडा कोणत्या सालचा? (अनुभव धागा)

सिनेमा बघताना कथा एकीकडे चालू असते आणि आपली नजर मागच्या खांबावरच्या झेंड्यावर, पत्रावरच्या शिक्क्यावर किंवा हवालदाराच्या दंडावरच्या फितीवर खिळलेली असते, अशी सवय असलेल्यांसाठी हा धागा. प्रत्येक झेंड्याला जन्मतारीख असते, बऱ्याच झेंड्यांना शेवटची तारीखही असते. ती माहीत असली की प्रसंग कोणत्या सालचा आहे आणि झेंडा त्या सालात बसतो का, हे काही सेकंदांत कळतं. कृपया किस्से कमी आणि खुणा जास्त लिहा: नेमकं कुठे बघायचं, चूक कुठे होते आणि का होते.

सुरुवात मीच करतो, बघायच्या पद्धतीपासून. फडकता झेंडा थांबवून बघताना काठीजवळची बाजू बघा. तिथलं कापड सर्वांत कमी हलतं. मोकळं टोक सतत दुमडतं आणि ऑनलाइन चित्रफितीत त्याचे चौकोन चौकोन होतात. व्हीएलसी या चित्रफिती बघायच्या प्रणालीत इंग्रजी ‘ई’ अक्षराची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली तर पुढची चौकट येते, स्वल्पविरामाची दाबली तर मागची. दहा-बारा चौकटी पुढेमागे केल्या की कापड एकदा तरी सपाट होतं.

झेंडा उलटा वाटला तर आधी चित्रच आरशासारखं फिरवलेलं नाही ना, ते तपासा. संकलनात दोन पात्रांच्या नजरा जुळाव्यात म्हणून असं करतात. दुकानाची पाटी, गाडीचं स्टिअरिंग आणि पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषी शर्टात डावी पट्टी उजवीच्या वर येते.

*

स्वातंत्र्यलढ्याच्या चित्रपटांत सगळ्यांत जास्त घोळ तिरंग्याचा असतो. तीन टप्पे पाठ असले की पुरे.

1921 पासूनचा गांधीजींचा झेंडा: वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. ऑगस्ट 1931 मध्ये मुंबईत काँग्रेसने ठराव केला तेव्हापासून वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा, चरखा फक्त पांढऱ्या पट्ट्यात. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने स्वीकारला तो अशोकचक्राचा, चोवीस आऱ्यांचा.

आता हे प्रसंगांना लावून बघा. दांडीयात्रा मार्च-एप्रिल 1930 ची, म्हणजे तिथे केशरी पट्टा दिसला की चूक. ऑगस्ट 1942 चं गोवालिया टँक मैदान दाखवलं तर केशरी-पांढरा-हिरवा बरोबर, पण चरखा हवा, चक्र नको. चूक अशी होते की सगळ्या सभांसाठी एकच गठ्ठा शिवून घेतात आणि 1920 ते 1947 तोच फिरवतात. 1947 चे दोन प्रसंग, जूनमधला आणि ऑगस्टमधला, एकाच झेंड्याने उरकलेले असतील तर त्यातला एक नक्की चुकलेला असतो.

चक्राचं मापही बघावं. 900 × 600 मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्राचा व्यास 185 हवा, 1800 × 1200 वर 370. म्हणजे पांढऱ्या पट्ट्याच्या वर-खाली अगदी थोडी जागा उरते. चक्र पट्ट्याच्या जेमतेम निम्म्या उंचीचं दिसलं, किंवा आरे मोजल्यावर सोळाच भरले, तर तो घाईत छापून आणलेला झेंडा समजा.

*

वरच्या प्रतिसादात भर, कृष्णधवल चित्रांसाठी. तिथे रंग दिसत नाहीत, पण सर्वांत उजळ पट्टा कुठे आहे ते दिसतं. उजळ पट्टा वर असेल तर 1921 चा झेंडा, मधे असेल तर 1931 चा किंवा त्यानंतरचा. केशरी आणि हिरवा करड्यात जवळजवळ सारखेच येतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

फार जुन्या फिल्मवर आणखी एक गोष्ट सांभाळायची. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा, आणि निळा फिकट उमटायचा. त्यामुळे त्या काळच्या चित्रणात गडद दिसणारा पट्टा प्रत्यक्षात लालभडक असू शकतो. हल्लीच्या माहितीपटांत अशी चित्रणं रंगवून दाखवतात तेव्हा झेंड्याचे रंग कुणीतरी अंदाजाने भरलेले असतात. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

*

स्वातंत्र्यानंतरच्या कथांमध्ये झेंड्यापेक्षा तो लावण्याची रीत जास्त चुकते.

भिंतीवर उभा टांगलेला तिरंगा: बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी हवा. नव्वद अंशांत नुसता फिरवला की निम्म्या वेळा तो उजवीकडे जातो. शवपेटीवर केशरी बाजू डोक्याकडे असते, आणि दहनाआधी किंवा दफनाआधी झेंडा काढून घेतात. तो चितेवर जात नाही. झेंडा चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश. अर्ध्यावर आणायचा तर आधी पूर्ण वर नेऊन मग खाली घेतात. पाहुणा परदेशी असेल आणि सरकारी गाडीतून जात असेल तर तिरंगा गाडीच्या उजव्या बाजूला, पाहुण्याचा डाव्या. गाडीवरच्या झेंड्याचं माप 225 × 150 मिलिमीटर. पडद्यावर तो टेबलक्लॉथएवढा दिसतो तेव्हा फार खटकतं.

काळाच्या खुणाही आहेत. 26 जानेवारी 2002 ला नवी ध्वजसंहिता लागू होईपर्यंत सामान्य नागरिकाला वर्षभर कधीही घरावर तिरंगा लावायची मुभा नव्हती, ठरावीक दिवशीच होती. म्हणून 1990 च्या दशकातल्या चाळीच्या गॅलरीत भर मे महिन्यात तिरंगा दिसला तर तो काळाशी विसंगत. पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडा 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर चालू लागला. त्याआधी हातकताई-हातविणीची खादीच, सुती, लोकरी किंवा रेशमी. हुबळी आणि नांदेडला तयार होणारी ध्वजाची खादी पडद्यावर सुद्धा ओळखू येते: ती जड पडते, चमकत नाही आणि कडेला दोरीचा फास असतो. सॅटिन दिव्याखाली लगेच चकाकतं. सर्वसामान्य घरांवर रात्रंदिवस झेंडा ठेवायची परवानगी तर जुलै 2022 ची.

*

शिवकाल आणि पेशवाईवरच्या मालिका. इथे मराठ्यांच्या निशाणापेक्षा समोरच्यांच्या निशाणाकडे बघा, तारीख तिथे सापडते.

राज्याभिषेक 6 जून 1674 चा. त्याला हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन युनियन जॅकसोबत दाखवला तर चूक. कंपनीच्या तेव्हाच्या झेंड्यावर लाल-पांढरे आडवे पट्टे आणि कोपऱ्यात पांढऱ्यावर साधा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडचा सेंट जॉर्ज क्रॉस. 1707 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर त्या कोपऱ्यात युनियन झेंडा आला, पण तो आजचा नव्हे. त्यात तिरके लाल पट्टे नव्हते. ते 1801 पासून, आयर्लंड सामील झाल्यावर आले. म्हणून सोपा नियम: जानेवारी 1779 च्या वडगावात इंग्रज शरण येतात तेव्हा तिरपा लाल नको, 1803 च्या असईत हवा, आणि 17 नोव्हेंबर 1817 ला शनिवारवाड्यावर चढला त्यातही हवा.

आजचा युनियन जॅक उलटा लागलाय का, हे ओळखायला काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात बघा. तिथे जाड पांढरी तिरकी पट्टी लाल पट्टीच्या वर असली पाहिजे.

पोर्तुगीजांचं तसंच. चिमाजी अप्पांच्या वसईवर (1739) हिरवा-लाल झेंडा दाखवू नये, तो 1910 च्या क्रांतीनंतरचा. त्या काळी पांढऱ्या कापडावर राजचिन्हाची ढाल असे. शेवटच्या युद्धप्रसंगात दुरून तो शरणागतीचा पांढरा झेंडा वाटू शकतो, म्हणून दिग्दर्शक टाळत असावेत. पण ढाल जवळून एकदा दाखवली की प्रश्न मिटतो.

पत्रांबद्दल. महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी, आणि ती शाईने उमटवायची. लाल लाखेचा गोळा ओतून त्यावर शिक्का दाबणं ही युरोपी पत्रांची रीत. मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही वेगळी छोटी मुद्रा येते, म्हणजे कुणी खाली वाढीव ओळ घुसडू नये. मालिकांमध्ये मुख्य मुद्राच पत्राच्या तळाला सहीसारखी मारतात. ती वरच्या बाजूला हवी. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव आधी येतं (‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि मग पेशव्याचं नाव, मुख्य प्रधान). थोरल्या बाजीरावांच्या पत्रावर शाहूंचं नाव नसेल तर तो शिक्का मनाने रचलेला आहे.

*

गोवामुक्तीच्या, म्हणजे डिसेंबर 1961 च्या प्रसंगांत मात्र हिरवा-लालच बरोबर. फक्त दोन्ही रंग समान नसतात. काठीकडे हिरवा दोन भाग, पुढे लाल तीन भाग, आणि ढाल दोन्हींच्या सांध्यावर. मधोमध ढाल आणि अर्धा-अर्धा रंग दिसला तर चूक. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे प्रसंग असतील (सप्टेंबर 1948) तर निजामाचा झेंडा पिवळा, मधे गोल कुलचा, म्हणजे रोटी. हिरव्या कापडावर चंद्रकोर दाखवून भागवू नये.

*

नौदल. माझ्या मते भारतीय पडद्यावर तारीख ओळखायला याच्याइतकं सोपं निशाण नाही, कारण ते इतक्या वेळा बदललं.

1950 पर्यंत ब्रिटिश व्हाइट एन्साइन: पांढऱ्यावर लाल क्रॉस, कोपऱ्यात युनियन जॅक. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेल्या उठावात हेच उतरवलं गेलं आणि काँग्रेसचा चरख्याचा, लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे चढले. त्यातला एकच दाखवला तर इतिहास अर्धा राहतो. 26 जानेवारी 1950 पासून क्रॉस तोच, कोपऱ्यात तिरंगा. 1971 च्या युद्धातली ‘विक्रांत’ दाखवायची तर हेच. 2001 मध्ये क्रॉस जाऊन निळं नौदलचिन्ह आलं. 2004 मध्ये क्रॉस परत आला, छेदावर सिंहमुद्रा घेऊन. 2014 मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नवी ‘विक्रांत’ दाखल झाली तेव्हा क्रॉस कायमचा गेला आणि निळी-सोनेरी अष्टकोनी चौकट आली. ही चौकट शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली, खाली ‘शं नो वरुणः’.

चूक होते ती साठवलेल्या चित्रणामुळे. 1971 च्या कथेत जहाजाचं दूरचं दृश्य अलीकडच्या कवायतीतून उचलतात आणि मागच्या डोलकाठीवर भलतंच निशाण राहून जातं. जहाजाच्या पाठीमागच्या टोकाकडे बघायची सवय लावा.

*

पोलिसांच्या मालिका थोडक्यात. फौजदाराला दोन तारे, निरीक्षकाला तीन, आणि दोघांच्याही खांद्याच्या टोकाला लाल-निळी फीत. तीन तारे आणि फीत नाही, तर तो सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक. अशोकस्तंभ आणि एक तारा म्हणजे अधीक्षक. तलवार-दंडुक्याची फुली दिसली की महानिरीक्षक किंवा त्याच्या वर. संवादात ‘इन्स्पेक्टर’ आणि खांद्यावर अशोकस्तंभ, ही चूक सर्वांत नेहमीची. महाराष्ट्र पोलिसांच्या चिन्हाखाली ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हवं. सर्वोच्च न्यायालयाचा प्रसंग असेल तर ‘यतो धर्मस्ततो जयः’.

*

परदेशी चित्रपटांसाठी मोजणी. अमेरिकेचे तारे सरळ रांगांत, सहा ओळी आठ-आठ, म्हणजे 48: जुलै 1912 ते जुलै 1959. मग एकच वर्ष 49, सात ओळी सात-सात. 4 जुलै 1960 पासून 50, एकाआड एक सहा आणि पाच. मोजायची गरजच नाही, फक्त बघा: तारे एकाखाली एक असतील तर 48, तिरपे विणल्यासारखे असतील तर नंतरचे. दुसऱ्या महायुद्धात तिरपे दिसले की चूक. अमेरिकी सैनिकाच्या उजव्या दंडावर तारे पुढच्या बाजूला, म्हणजे ‘उलटे’ दिसतात. ते नियमानुसार आहे, चूक धरू नका.

कॅनडाचं मॅपलचं पान 15 फेब्रुवारी 1965 च्या आधी नको. आणि 1971 च्या युद्धपटांत बांगलादेशाच्या लाल वर्तुळात पिवळा नकाशा हवाच. तो जानेवारी 1972 मध्ये काढला.

*

कलाविभागाच्या बाजूने थोडं, म्हणजे चुका का होतात ते कळेल.

प्रॉपर्टी, म्हणजे चित्रीकरणाचं सामान, भाड्याने देणाऱ्याकडे ‘इंग्रजांचा झेंडा’ म्हटलं की एकच येतो, आजचा. साल सांगून मागावा लागतो, आणि 1801 च्या आधीचा हवा असेल तर शिवूनच घ्यावा लागतो. त्याला फारतर दोन दिवस लागतात, पण यादीत तो चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी चढतो. जुनं कापड दिसावं म्हणून जाडं सुती मांजरपाट घेऊन चहाच्या कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवतात. रंग आधी पक्का करून घेतला नाही तर लाल पांढऱ्यावर उतरतो. पितळी रिंगा लावू नयेत, कडेला कापडी नळी शिवून त्यातून दोर ओवावा. मशीनची ओव्हरलॉक शिवण आतल्या बाजूला वळवून झाकावी, आता ती घरच्या टीव्हीवरही दिसते.

काही वेळा चिन्ह मुद्दाम बदललेलं असतं. राजचिन्हाच्या वापरावर 2005 च्या कायद्याने बंधनं आहेत. तरी बदल कुठे केलाय ते शोधता येतं: खऱ्या चिन्हात समोर तीन सिंह, पट्टीवर मधे चक्र, आपल्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, आणि सारनाथच्या स्तंभाचं खालचं उलटं कमळ गाळलेलं. बैल-घोड्याची अदलाबदल आधी तपासा.

रेड क्रॉसचंही तेच. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे सैन्याच्या वैद्यकीय सेवेचं आणि रेड क्रॉस संस्थेचं संरक्षित चिन्ह आहे, आपल्याकडे 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याखाली. खासगी दवाखान्यावर किंवा डॉक्टरांच्या गाडीवर ते काढलेलं दिसलं तर ती पडद्यावरचीही चूक आणि रस्त्यावरचीही. हिरवा क्रॉस किंवा एका सापाचा दंड वापरावा. दोन साप आणि पंख असलेला दंड व्यापाराच्या देवाचा, औषधाचा नाही. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने तो 1902 मध्ये घेतला आणि तिथून सगळीकडे पसरला, म्हणून त्यांच्या गणवेशावर तो दिसला तर मात्र बरोबर आहे.